आपलं हाड

पडल्यावर आधी स्वानंद हसला.

आईनं काहीतरी नवा खेळ काढला, असं त्याला वाटलं असावं. न्हाणीच्या ओल्या फरशीवर तो आईच्या अंगावर आडवा पडला होता. घशातून येणारं त्याचं ते मोठं, तुटक हसू चारी भिंतींत घुमत होतं. वनमालाबाईंनी एका हातानं त्याचं डोकं धरलं होतं. पडता पडता ते फरशीवर आपटू नये म्हणून धरलं, ते अजून सोडलं नव्हतं. दुसरा हात त्यांनी हळूहळू खाली, उजव्या गुडघ्याच्या वर नेला. मांडी जिथं सरळ असायला हवी, तिथं सरळ नव्हती.

"हासू नको रे राजा," त्या म्हणाल्या. "थांब जरासा."

स्वानंद चाळिशी ओलांडलेला होता. जन्मला तेव्हा बराच वेळ रडलाच नाही, निळा पडला होता, आणि त्या तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं. तो कधी चालला नाही, कधी बोलला नाही. आई दिसली की 'मंम' म्हणायचा आणि दोन्ही हात वर करायचा. सकाळी खाटेवरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीतल्या स्टुलावर, स्टुलावरून पुन्हा खुर्चीत. त्याच्या काखेत हात घालून, त्याला छातीशी घट्ट धरून त्या उचलत. मूल कडेवर होतं तेव्हापासून हे चाललं होतं. मूल वाढत गेलं, एवढाच फरक.

त्या दिवशी उचलतानाच त्याचं अंग ताठ झालं. असं कधी कधी व्हायचं. त्यांचा पाय साबणाच्या पाण्यात रुतल्यासारखा जागेवर राहिला आणि बाकीचं शरीर स्वानंदच्या भारानं फिरलं. दाराची बिजागरी निखळावी तसा आवाज झाला. दुखलं ते नंतर.

हाका ऐकून शेजारची शारदा मागच्या दारानं धावत आली आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर तोंडाला पदर लावून उभी राहिली.

"पहिले इसको पोंछ, शारदा," वनमालाबाई खालूनच म्हणाल्या. "ठंडी लग जाएगी इसको."

"अरे दीदी, आपका पैर तो देखो..."

"पैर कहीं नहीं जा रहा. इसको पोंछ, कपड़े पहना. निळा सदरा खाटेवर आहे."

घाई झाली की बाईंची हिंदी अशी अर्ध्यावर मराठीत शिरायची. शारदाला सवय होती. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं स्वानंदला उचललं, पुसलं, कपडे घातले, खुर्चीत बसवलं. त्यानंतरच वनमालाबाईंनी स्वतःला हात लावू दिला. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या त्या गल्लीत अँब्युलन्स शिरत नव्हती. गल्लीतल्या माणसांनी त्यांना खाटेसकट उचलून मंदिराच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. खुर्चीतल्या स्वानंदला आता हे हसण्यासारखं नाही हे कळलं होतं. खाट वळणाआड जाईपर्यंत त्याचं ओरडणं त्यांच्या मागे येत राहिलं.

*

रायपूर राजधानी झाल्यापासून शहरात मोठमोठी हॉस्पिटलं उभी राहिली होती. त्याआधी असं काही झालं की लोक नागपूर गाठत. वनमालाबाईंचे दोन्ही गुडघे सहा-सात वर्षांपूर्वी इथंच बदलले होते. यजमान, अनंतराव, सिंचन खात्यात होते. ते जाऊन बराच काळ झाला होता. सदर बाजारातल्या दुकानांच्या साड्यांना घरबसल्या फॉल-पिको करून बाईंनी संसार ओढला. घर सोडून नोकरी करणं शक्यच नव्हतं. दिवसभर मशीनचं पायडल आणि मधेमधे स्वानंदला उचलणं, यात गुडघ्यांची पार वाट लागली. शेवटी शेवटी त्या भिंत धरून सरपटत. गुडघे बदलल्यावर मात्र नवं माणूस झाल्यासारखं झालं. तेव्हाही डॉक्टर चंद्राकरांनी बजावलं होतं, वजन उचलायचं नाही. बाईंनी मान हलवली, घरी आल्या आणि टाके सुकल्याबरोबर स्वानंदला उचललं. दुसरं कोण उचलणार होतं?

आता तेच डॉक्टर चंद्राकर एक्स-रे उजेडासमोर धरून उभे होते. पलंगाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मंजिरी. मंजिरी वनमालाबाईंची मुलगी, स्वानंदपेक्षा लहान, शंकरनगरात राहायची आणि एका शाळेत शिकवायची. शाळेतून ती तशीच धावत आली होती. गळ्यातलं ओळखपत्रही काढायचं राहिलं होतं.

डॉक्टर सावकाश बोलत होते. गुडघ्यात बसवलेला धातूचा सांधा जागेवर पक्का होता, हलला नव्हता. पण त्याच्या अगदी वर मांडीचं हाड मोडलं होतं. वय झालेलं, पोकळ पडत चाललेलं हाड, त्याच्या टोकाला एवढी कठीण वस्तू. मधली जागा कच्चीच राहते, म्हणाले. आतून सळई घालता आली असती, पण बाईंचा जुना सांधा ज्या बनावटीचा होता त्यात सळईला वाटच नव्हती. मग राहिले दोन मार्ग. एक म्हणजे हाडाच्या बाहेरून लांब पट्टी लावायची आणि ती स्क्रूंनी आवळायची. त्यात हाड आपलं आपण जुळेपर्यंत, म्हणजे तीन महिने तरी, पाय टेकायचा नाही. दुसरा मार्ग म्हणजे जुना सांधा आणि त्याच्यासकट मोडक्या हाडाचा खालचा तुकडा काढूनच टाकायचा आणि त्या जागी बिजागरीचा मोठा सांधा बसवायचा. त्यावर दोन-तीन दिवसांत उभं राहता येतं. पण त्यात कधी पू झाला, तर मागे काही उरत नाही. पायही जाऊ शकतो.

"मेरी सलाह प्लेट की है," डॉक्टर म्हणाले. "जोड़ अच्छा है, उसे क्यों निकालें. लेकिन आप लोग सोच लीजिए."

"प्लेटच करू आई," मंजिरी म्हणाली. "ते सांगून राहिले ना."

"तीन महिने?" वनमालाबाईंनी विचारलं. "तीन महिने स्वानंदले कोण पाहील?"

"आम्ही पाहून घेऊ. तू आता त्याचं टेन्शन नको घेऊ."

"मंजू, तू जराशी बाहेर जा."

"काहून?"

"जा म्हटलं ना."

मंजिरी बाहेर गेली. पडद्याआडून तिची चप्पल दिसत होती, ती दारापासून फार लांब गेली नव्हती. वनमालाबाईंनी उशीवरून मान उचलली.

"डाक्टर साहब, मेरा बेटा है. आप जानते हो उसको. खुद से उठ नहीं पाता. वजन, समझो, चावल का एक बोरा. मुझे इतना ही बताओ, दोनों में से किस आपरेशन के बाद मैं उसको उठा सकूँगी?"

डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात घातला.

"किसी के बाद नहीं, अम्मा."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. वनमालाबाई छताकडे पाहत राहिल्या. त्यांना पुन्हा विचारावंसं वाटलं, निराळ्या शब्दांत. छोटी पोरं दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारतात तसं. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ते उत्तर अजून तसंच होतं.

"फिर प्लेट लगा दो," त्या म्हणाल्या. "जो हड्डी अपनी है, वो अपने पास रहे."

*

ऑपरेशनच्या वेळी कंबरेखालचं अंग बधिर केलं होतं, पण जाग होती. छातीपाशी हिरवा पडदा बांधलेला. पडद्यापलीकडे सुतारकाम चालल्यासारखे आवाज, गिरमिटाची घरघर, मग काहीतरी ठोकणं. प्रत्येक ठोक्याबरोबर अंग हलायचं आणि कळायचं मात्र काहीच नाही. आपल्याच घराचं दार कुणी दुरुस्त करतंय आणि आपण माजघरात बसून ऐकतोय, असं त्यांना वाटत होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष गेलं. स्वानंदची जेवायची वेळ झाली होती. मऊ भात, वरण, वर तूप. घास लहान घ्यावा लागतो, नाहीतर ठसका लागतो. मंजूला हे माहीत होतं. पण स्वानंदला बघायला तिनं घरी ठेवलेल्या माणसाला कुणी सांगितलं असेल का?

ऑपरेशननंतर काही दिवस मंजिरी स्वानंदबद्दल विचारलं की 'बरा आहे' म्हणायची आणि लगेच चादर सारखी करायला लागायची. वनमालाबाईंनी तिसऱ्या-चौथ्या वेळी तिचा हात धरला.

"बरा आहे म्हणजे कुठं बरा आहे?"

मंजिरी स्टुलावर बसली.

"आई, माझ्याकडं तो तीन दिवस राहिला. काहीच खाल्लं नाही. रात्रंदिवस ओरडून राहिला होता. बिल्डिंगवाले येऊन गेले. ठेवलेला माणूस पळून गेला. आणि मग त्याले फिट आली. लई मोठी. मी आणि पराग दोघं मिळून त्याले धरू शकलो नाही." तिनं मोकळ्या हातानं चादर सारखी केली. "अभनपुरजवळ एक आश्रम आहे. अशाच लोकांचा. तिथं ठेवलं त्याले."

वनमालाबाईंनी हात सोडला.

"मले न विचारता?"

"तू टेबलावर होती. कधी विचारू?"

"आश्रमात! माझ्या पोराले आश्रमात टाकलं तुनं. जितीजागती माय असताना."

"मग काय करू?" मंजिरी एकदम उभी राहिली. शेजारच्या पलंगावरची बाई पाहायला लागली, तसा तिनं आवाज उतरवला, पण थांबली नाही. "सांग ना, काय करू? नोकरी सोडू? तू पडली तेव्हा तो तुझ्या अंगावर पडला होता. फरशी त्याच्या डोक्याखाली असती तर? जन्मभर तू त्याले कुणाच्या हातात दिलं नाही. शारदाले नाही, मले नाही. मी लहानपणी म्हणत होती, मी भरवतो दादाले, तर म्हणायची, तुले जमत नाही. मले जमलंच नाही मग. कुणालेच नाही जमलं."

नंतर ती बराच वेळ खिडकीशी पाठमोरी उभी होती. वनमालाबाईंना बोलायला रागच पुरेसा होता, पण तो मुलीवर होता की आणखी कशावर, हे त्यांना नीट धरता येईना. रक्त गोठू नये म्हणून नर्स पोटात इंजेक्शन द्यायला आली. त्यांनी पोटावरचं कापड स्वतःच बाजूला केलं.

*

मंजिरीकडच्या मागच्या खोलीत त्यांचा पावसाळा गेला. वॉकर धरून उजवा पाय अधांतरी ठेवायचा, डाव्या पायावर उडी मारत संडासापर्यंत जायचं, परत यायचं. पुरानी बस्तीतल्या घराला कुलूप होतं. नातू बाहेरून यायचा, 'नानी, कुछ चाहिए?' विचारायचा आणि त्यांनी मराठीत काही सांगितलं की समजून घेऊन हिंदीत उत्तर द्यायचा. जावई पराग सज्जन माणूस होता. सकाळी ऑफिसला जाताना खोलीत डोकावून जायचा.

आश्रमातून फोनवर स्वानंदला त्यांचा आवाज ऐकवायचा प्रयत्न एकदा झाला. आवाज ऐकला आणि तो मान वळवून वळवून आईला शोधायला लागला. दाराकडे, पलंगाखाली. मग रडायला लागला. तिथल्या दीदींनी सांगितलं, थोडं रुळू द्या त्याला, सध्या भेटायलाही नका येऊ. वनमालाबाई 'बरं' म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तीन महिन्यांनी एक्स-रे काढला, तर हाड अर्धंमुर्धंच धरलेलं. पट्टी आणि स्क्रू काळ्या काचेवर लख्ख उठून दिसत होते. हाडाची रेघ मात्र मधे धूसर. डॉक्टर म्हणाले, अजून थांबू. पुन्हा कॅल्शियम, पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा उड्या. दिवाळी झाली. थंडी पडली. त्यानंतरच्या एक्स-रेत त्या धूसर जागेभोवती पांढरा गोळा धरलेला दिसला, वेल्डिंग केल्यासारखा. पाय थोडा आखूड झाला होता आणि किंचित बाहेरही वळला होता. चपलेला जाड तळ लावावा लागला. पण पाय टेकता आला. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. वनमालाबाईंनी काठी मागितली आणि विचारलं, "आता गाडीत बसता येईल?"

अभनपुरला निघायच्या दिवशी त्या पहाटेच आवरून बसल्या होत्या. पुरानी बस्तीतलं घर मंजिरीनं आदल्या आठवड्यात झाडून घेतलं होतं, कारण आईनं तसं सांगितलं होतं. कशासाठी, ते दोघीही बोलल्या नव्हत्या.

*

आश्रम रस्त्यापासून थोडा आत, शेतांच्या मधे होता. धान कापून झालेलं. शेतांत नुसती खुंटं. लांब व्हरांडा, चुन्याच्या भिंती, आवारात वाळत घातलेले एकसारखे टॉवेल. ऊन पडलं होतं त्या टोकाला चार-सहा जण खुर्च्यांत बसवले होते. वनमालाबाईंनी लांबूनच स्वानंदला ओळखलं, मग क्षणभर वाटलं की तो नाही. केस बारीक कापले होते. गालांवर थोडं मांस आलं होतं.

"स्वानंद," त्यांनी हाक मारली.

त्याची मान वळली. डोळे थोडे भिरभिरले आणि थांबले. मग त्याचं सगळं तोंड उघडलं आणि ते मोठं, तुटक हसू बाहेर आलं. दोन्ही हात वर गेले.

वनमालाबाई काठी टेकत शक्य तेवढ्या लवकर पोचल्या. त्यांनी वाकून त्याचं डोकं छातीशी धरलं. तो 'मंम, मंम' करत हातांनी त्यांच्या साडीला धरून वर खेचायला लागला. उचल म्हणत होता. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. मागे उभ्या असलेल्या मंजिरीनं त्यांच्या कंबरेला आधार दिला.

"नाही रे राजा," त्या म्हणाल्या. "आता नाही जमत मले."

एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस आतून आला. तो मनराखन, इथं स्वानंदचं सगळं करणारा. त्यानं दुसऱ्या एकाला हाक मारली. दोघांनी स्वानंदच्या खालच्या जाड चादरीची टोकं धरली, 'एक, दू...' म्हटलं आणि त्याला अलगद उचलून उन्हातल्या गादीवर, भिंतीला टेकवून बसवलं. स्वानंदचं अंग ताठ झालं नाही. वनमालाबाई पाहत होत्या. इतकी वर्षं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, की चादर घेऊन दोघांनी उचलता येतं. पण दुसरं माणूस तरी कुठं होतं?

"बैठ दाई," मनराखननं छत्तीसगडीत त्यांना आई म्हणून हाक मारत खुर्ची आणली. "सुरू-सुरू म अब्बड़ रोवय. अब नइ रोवय."

आधी फार रडायचा, आता नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी विचारलं, "रात को?"

"हव, रात म घलो सुत जाथे." रात्रीही झोपतो.

वनमालाबाईंनी गाडीत बसल्यापासून मनात जुळवून आणलं होतं, याला काय काय सांगायचं. पाणी आधी पायावर घालायचं. डाव्या कुशीवर झोपवायचं. पावसात, ढग वाजले की जवळ बसायचं. तो समोर उभा राहिल्यावर त्यांनी ते सांगितलंही. मनराखननं एकेक ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शेवटी म्हणाला, हव दाई. त्यातलं काही त्याला ठाऊक होतं, काही नव्हतं. काही गोष्टी तो निराळ्या करत होता आणि स्वानंदचं त्यानं अडत नव्हतं.

मंजिरी थोडी बाजूला उभी होती. ती जवळ आली.

"आई, त्या आतल्या दीदी विचारून राहिल्या... न्यायचं आहे का त्याले? की..."

समोर स्वानंद उन्हात डोळे बारीक करून बसला होता. त्याचा एक हात त्यांच्या पदराला अजून धरून होता, पण आता तो खेचत नव्हता.

"रायपूरहून इकडं बस कुठून मिळते, ते विचारून ये," त्या म्हणाल्या. "पुरानी बस्तीतून येणं पडन मले. दर वेळी परागची गाडी कुठं मागायची."

मंजिरी उभीच राहिली.

"जा ना," वनमालाबाई म्हणाल्या. "आणि रडू नको. तुनं बरोबर केलं."

मंजिरी तोंड फिरवून आत गेली.

दुपारची जेवणं आली. मनराखननं पितळी वाटीत काहीतरी आणलं. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर बारीक चिरलेला कांदा. बासी. रायपुरात जन्म गेला, पण वनमालाबाईंच्या स्वयंपाकघरात बासी कधी झाली नव्हती. ते कामावरच्या बायांचं जेवण, त्या म्हणत. वाटी दिसताच स्वानंदनं तोंड उघडलं, घास यायच्या आधीच.

"ये खाता है?" त्यांनी विचारलं.

"मजा ले खाथे, दाई. भात-दार ल थूक देथे. एही ल खाथे."

वरणभात थुंकून टाकतो आणि हेच खातो. वाऱ्यानं टॉवेल हलत होते. शेजारच्या खुर्चीतली एक मुलगी आपल्याशीच काहीतरी पुटपुटत होती. मग वनमालाबाईंनी काठी भिंतीला टेकवली, साडीचा पदर कंबरेला खोचला आणि हात पुढे केला.

"लाओ, मैं खिलाती हूँ."

मनराखननं वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोटं भातात घातली आणि थांबल्या.

"नून कितना डालते हो इसके में?"

मनराखननं कागदाची पुडी उघडून चिमूटभर मीठ त्यांच्या तळहातावर ठेवलं. वनमालाबाईंनी ते नीट पाहून घेतलं, तेवढंच वाटीत टाकलं आणि कालवायला लागल्या.